स्पॉट नंबर सहा

दर मार्चमध्ये मी तिला कपाटातून काढतो,
बरणी ओल्या फडक्याने पुसतो
आणि पाचव्या स्पॉटच्या जळवेशेजारी ठेवतो.
ओळखा. दोन लक्षणे लिहा. गुण दोन.
तीस सेकंद झाले की घंटा वाजवायची,
पोरं सरकतात.

निम्मी लिहितात गांडूळ.
उरलेली, साप.
एकाने बुटाची नाडी लिहून खोडलं होतं.
खासनीस मॅडम लाल पेनाने गोल शून्य काढतात:
पाठीला कणा आहे, गांडूळ कसं?
कातडी ओली, बेडकाच्या गोतातली, साप कसा?
भाऊबंदांनी उड्या मारायचं ठरवलं त्या वर्षी
ही खाली निघून गेली,
पाय वरच ठेवून.

पुस्तकातलं नाव देवगांडूळ.
नावात देव घातला म्हणून
कुदळ मारताना कुणाचा हात अडखळतो असं नाही.

लेबल माझ्या आधीचं.
ठिकाण: खंडाळा. खाली कुणाची तरी सही,
तारीख अर्धी पुसलेली.
खिडकीबाहेर कर्वे रोडवर मेट्रो आली,
आत एकवीस वर्षं मी हिचं पाणी बदलतोय.
पाणीच म्हणतो आम्ही त्याला, डोळे चुरचुरले तरी.
तिचे डोळे कातडीखाली,
काचेला आतून कागद लावावा तसे.

कँटीनचा सोपान डोकावून म्हणतो,
लोहकरे, मांडूळ का हो हे? लाखात जातं म्हणे.
मी म्हणतो, हे कशातच जात नाही.

गोकुळाष्टमीला जोडून रविवार आला.
मंचरला गाडी बदलून आहुप्याच्या अलीकडे उतरलो.
गोठ्यात पाणी शिरत होतं,
मागून चर खणायला घेतला.
तिसऱ्या की चौथ्या घावाला ढेकूळ उलटलं
आणि आत ती.

भिजलेल्या शिसपेन्सिलीचा रंग,
अंगभर वळ्या,
आणि वेटोळ्याच्या मधोमध अंडी,
साबुदाण्याहून जराशी मोठी, एकमेकांना धरून.
मोजली नाहीत. मोजायची सवय असून.

ती पळाली नाही.
डोकं किंचित उचललं,
डोळा नि नाकपुडीच्या मधून
एक बारीक दोरा बाहेर आला,
हवेला लागला, आत गेला.
पुन्हा आला.
एकवीस वर्षं हे लक्षण पोरांपुढे मांडतोय,
स्पर्शिका, अर्धा गुण.
ते हलतं
हे मला माहीत नव्हतं.

पडवीतून वहिनी ओरडली, काय हाय रं? जनावर असंल तर हाण!
म्हटलं, मुळी हाय. हिरड्याची.

ढेकूळ होतं तसं परत ठेवलं.
होतं तसं म्हणजे काय,
उलटलेलं ढेकूळ होतं तसं बसत नाही,
कडा जुळत नाहीत.
वर पाला सारला,
चर दोन हात लांबून नेला.
वाकडा झाला. गोठ्यात थोडं पाणी अजून शिरतं,
भाऊ फोनवर म्हणतो, शहरात राहून हात गेला तुझा.

सोमवारी मॅडम म्हणाल्या,
लोहकरे, तुमच्या भागात सापडेल बघा ही.
दिसली तर जपून आणा, नवी बरणी मागवलीय.
मी हो म्हटलं.
नवी बरणी धुतली, लेबल चिकटवलं,
ठिकाण या शब्दापुढे टिंबं,
आणि पालथी घालून ठेवली.

या मार्चला एक मुलगी,
शाल्मली की शांभवी, रोल नंबर चाळीसच्या पुढची,
सहाव्या स्पॉटपाशी पेन खाली ठेवून
नुसती वाकून बघत राहिली.
तीस सेकंद झाले.
पस्तीस.
मी घंटेवर तळहात ठेवून उभा.

मागच्या पोराने तिला कोपर मारलं
तेव्हा वाजवली.