उतारा

हेझलटनच्या वाचनालयाच्या तळघरात
बॉयलरच्या शेजारचं टेबल आमचं.
मंगळवार, गुरुवार, साडेसहा ते आठ.
यारेलिस येते वडिलांचं गोदामातलं जाकीट घालून,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
कधी खिशात खोकी कापायची सुरी राहिलेली असते,
ती मी वर काउंटरवर ठेवून यायला लावते.

गणितात सातशे दहा.
वाचनात चारशे नव्वद.
तीन सराव परीक्षा झाल्या, काटा हलत नाही.

चुकतं कुठे ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं.
इंग्रजी कच्चं नाही तिचं.
ती उताऱ्यात राहायला जाते.
शिंपल्यांवरचा उतारा होता, थंड समुद्रातल्या.
संशोधकांना आश्चर्य कशाचं वाटलं?
म्हणाली, एवढ्या गारठ्यात त्यांना कुणी आत घेत नाही, त्याचं.
मी हसले. ती हसली नाही.

मग उतारा सात.
एक माणूस, टपालाने आलेलं एक पत्र.
तो ते उलटसुलट करून बघतो,
दिव्याजवळ नेतो,
आणि न फोडता चमच्यांच्या खणात ठेवून देतो.
त्याने असं का केलं असावं?
यारेलिसने पेन्सिल खाली ठेवली.
"यात उत्तरच नाहीये."
"आहे. ब. वाईट बातमीची भीती. तिसरी ओळ बघ,
त्याचा हात थरथरला म्हटलंय."
"त्याला वाचता येत नाही, मिसेस हुडॅक.
आमच्याकडेही चमच्यांच्याच खणात असतात."

तेवढ्यात बॉयलर सुरू झाला, बरं झालं.

छापलंय तेवढंच, मी म्हटलं.
बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच.
वडिलांना दाराबाहेर ठेवून ये, जाकिटासकट.
बोलून गेले खरी.
माझे आजोबा कोळसा कंपनीच्या वहीत
जन्मभर फुली मारत आले,
हे तिला सांगितलं नाही.
उताऱ्यात नव्हतं ते.

पुढे सगळा हिवाळा बारक्या शब्दांचा.
'काही', 'बहुधा', 'क्वचित', 'वगळता'.
यांना आधी गाठायचं,
मोठे शब्द कुठे पळून जात नाहीत.
चुकीचं उत्तर खोटं नसतं गं,
खऱ्यापेक्षा चिमूटभर जास्त असतं.
मला ठाऊक असणारच.
एकोणतीस वर्षं विमा कंपनीत
नकाराची पत्रं मीच लिहायचे.
'नाही' असं लिहायचं नसतं.
'सध्या उपलब्ध माहितीनुसार' असं लिहायचं,
की माणूस पुढचं वाचत नाही, घडी घालतो.
'सध्या'वर कुणाचं बोट थांबलेलं
एकोणतीस वर्षांत दोनदा पाहिलं. की तीनदा.
आता त्यावरचा उतारा शिकवते.
फुकट.

फेब्रुवारीत तिने टेबलावर अकरा पाकिटं ओतली,
सगळी फोडलेली. एकाला लोणी लागलेलं.
वडिलांच्या खांद्याचं पत्र तिने वर ठेवलं,
एका शब्दाखाली रेघ.
"सध्या म्हणजे नंतर बदलू शकतं. हो ना?
हे बघा, बोट ठेवून दाखवते."
खाली सही भलत्याच कुणाची होती.
वाक्य माझं होतं, स्वल्पविरामासकट.

त्या दिवशी आम्ही एकही उतारा सोडवला नाही.
एक पत्र लिहिलं. चार वेळा.
ती प्रत्येक ओळीला विचारत होती,
हे त्यांना दुसऱ्या कुठल्या अर्थाने वाचता येईल?

मार्चमध्ये तिचा निरोप आला,
नुसता आकडा: सहाशे तीस.
खांद्याचं अजून काही कळलेलं नाही.

पुस्तक तिने परत केलं, पुढच्या मुलाला हवं होतं.
पुसून द्यायचं असतं, तसं सगळं पुसलेलंही होतं.
उतारा सात, उत्तर ब.
समासात मात्र पेन्सिलीने काढलेला एक चमचा.
खोडरबर हातात होता माझ्या.
पान उलटलं.