मोवाड, नग एक

फुटाळ्याच्या भिंतीत, तिसऱ्या दगडामागं
औषधाची डबी. आत ओलसर चिटोरी
आणि रुपयाएवढी पत्र्याची चकती.
वर कोरलेलं : मोवाड. खाली सहा आकडे.

आकडे मोबाइलमध्ये टाकले, तर हिचा फिरस्ता निघाला :
कोची, हेलसिंकी, भोपाळचं कुठलंसं बसस्टँड.
सोडणारी वृंदा खोरगडे, तालुका नरखेड.
अट एकच :
कुठंही न्या जी, फक्त पाण्याजवळ ठेवू नका.

कोण्या भल्या माणसाला मराठी वाचता आलं नसावं.

आमच्या हापिसातले रेवतकर तिकडचेच.
गाव कुठंय म्हटलं की दोनदा हात करतात,
एकदा नदीकडं, एकदा वर, माळाकडं.
एक्याण्णवच्या पुरानंतर
गाव उठून तिथं गेलं म्हणतात,
आणि चहा निवेपर्यंत काहीच म्हणत नाहीत.

चकती खिशात घातली.
स्कूटर सेमिनरी हिल्सवर चढवली,
सागाच्या बुंध्याशी कोरडी कपार बघून ठेवली.
नोंदीत लिहिलं :
तलाव ते टेकडी, अडीच किलोमीटर.
इथून पाणी दिसतं, पण लांब आहे.

अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला.
दिसायलाही नको होतं का?