नातं : इतर

सीपीआरच्या खिडकीत कारकून विचारतो,
पेशंटशी नातं?
मी म्हणालो, मावळण.
(बाईच आहे मी. आमच्या पेठेत बाया
आलो, गेलो, जेवलो म्हणतात.
तुमचं व्याकरण पंचगंगेच्या पुलापलीकडं ठेवा.)
कारकून नवा, लांबून बदलून आलेला.
मावळण म्हणजे, मावळात राहणारी?
म्हणजे आत्या.
म्हणजे वडलांची बहीण.
नव्हं. वडलांना बहीणच नव्हती.
त्याचं पेन थांबलं.

म्हणूनच तर.
बारशाला पाळणा टांगलेला, घुगऱ्या शिजलेल्या,
आणि कानात कुर्रर्र करायला कुणी नाही.
आई कपिलतीर्थात मेथी विकायची,
शेजारच्या पोत्यावर आनसाक्का, वांगी नि दोडका.
तराजू उलटा घालून ती तशीच आली,
हात पदराला पुसत पाळण्यावर वाकली.
घरच्यांनी सुनीता ठरवलं होतं.
हिनं कानात सांगितलं, द्वारका.
तेच राहिलं. रेशनकार्डावरसुद्धा.

आईला ती गडणी म्हणायची.
गडणी, सुट्टे हायत?
गडणी, तुझं गिऱ्हाईक पळालं बघ.
भांडण लागलं की दुसरा एक शब्द यायचा,
तो कागदावर उतरत नाही.
माया त्यातच जास्त होती.

माझ्या लग्नात पाठराखीण तीच.
गडहिंग्लजला आठ दिवस राहिली,
सासू मीठ कुठल्या डब्यात ठेवते
आणि डबा किती जोरात झाकते, बघत.
निघताना उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली,
पोरगी बोलत नाही असं समजू नगासा.
जीभ हाय तिला. म्या बघितलीया.
मग एसटीत बसून रडली म्हणे निपाणीपर्यंत,
गाडी चुकीची धरली होती.

आई गेली त्या साली
दोडक्याचं पोतं इंचभर सरकलं नाही.
मेथीची जागा मोकळी.
महापालिकेचा माणूस आला की ही दोन पावत्या फाडायला लावायची.
ही कुणाची?
गडणीची हाय.
होती, असं कधी म्हणाली नाही.
वर्षभर त्या रिकाम्या चौकोनावर
सकाळी पाणी मारायची.

माझ्या लेकीकडं या सगळ्याला एकच शब्द आहे, फ्रेंड.
वाईट नाही.
पण त्याला बसायला पोतं लागत नाही.

कारकुनाच्या यादीत आई, मुलगी, सून, पत्नी.
बोट वरून खाली, खालून वर.
मागं रांग खोकायला लागली.
शेवटी त्यानं लिहिलं : इतर.
अक्षर चांगलं होतं त्याचं.

वर वॉर्डात आनसाक्का चादरीएवढी झालेली.
डावा कान केव्हाच गेला, उजव्यात थोडं शिल्लक.
तिला नावानं हाक मारणारं आता गावात कुणी नाही,
आक्का म्हणणारे सगळे, आनसे म्हणणारं एकही नाही.
मी वाकलो.
कुर्रर्र केलं.
आनसे, म्हणालो.
पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली.

हिनं एक डोळा उघडला.
माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं,
मग नीट, सावकाश, माझ्याकडंच.
गडणी, म्हणाली,
ढग आल्यात. ताडपत्री वड.

वडली, म्हणालो.
तुझी बी?
माझी बी.

खिडकीबाहेर भर दुपारचं ऊन.
सलाइनचा थेंब अडकला होता, सिस्टरला हाक मारली.