दाखला

आक्का बिड्या वळायची निपाणीत.
भांडण मराठीत,
मोजणी कन्नडात: ओंदु, एरडु, मूरु...
पंचवीसला दोरा.
छाट काढणाऱ्या मुकादमाला तिनं
मरेपर्यंत माफ केलं नाही.

तिच्या भाकरीला तंबाखूचा वास यायचा.
शाळेत मी डबा
पाठमोरा बसून खाल्ला.
तिला ते ठाऊक असणार.

शेवटी दवाखान्यात
चादरीची कड अंगठ्याखाली घेऊन
वळत राहिली.
माझी पोर उशाशी बसून मोजायची,
मध्येच चुकायची,
परत ओंदुपासून.

दाखला कन्नडात आला.
मला वाचता येईना.
पोरीनं बोट ठेवून वाचलं:
तानव्वा भरमू खोत, वय सत्तर.
"पप्पा, हे चुकलंय," म्हणाली,
"आज्जी याच्यापेक्षा खूप होती."