पायताण

निवतीच्या वळणावर पोरं लाटेवर उभी राहायची,
बावतीसने तासलेल्या फणसाच्या फळीवर.
पाय घसरू नये म्हणून
फेस्ताच्या उरलेल्या मेणबत्त्या घासायच्या.

मग बुटांची कंपनी आली.
तंबू, ड्रोन, बर्फाच्या पेट्या,
आणि पेटीत एकही बांगडा नाही.
"पायताण घालून कोण चढता रे लाटेर?"
बावतीसने विचारलं.
साहेब हसला. फळ्या मोफत वाटल्या,
प्रत्येकीवर तेच चिन्ह.

हायवेवर आता सर्वेश दोन मजली उंच,
लाटेवर,
पायांत नंतर चिकटवलेले बूट.

त्याची आय एसटीच्या खिडकीतून बघते
आणि शोधत राहते
डाव्या अंगठ्यावरची
कालव लागल्याची खूण.