मालक: अज्ञात

पुन्ता अरेनासला वारा असा, की चौकात
दोर बांधतात, धरून चालायला.
मी दोर धरत नाही. पाठीवर पिशवी जड असते:
दोन केबली, जुना राउटर, स्क्रूड्रायव्हर, चार एम्पानादा.

आन्सेल्मो बाआमोन्देचं घर निळ्या पत्र्याचं.
खाली त्याचा कॉम्प्युटर, शिवणखोलीत दुसरा,
मधे तेरा पायऱ्या.
खालच्याला वरचा दिसतच नव्हता.
वरचा या घराला विमानतळ समजत होता,
सगळे परके, कुणाला ओळख द्यायची नाही.
हे घर आहे, असं त्याला सांगितलं.
सांगावं लागतं. भिंती बघून कळत नाही त्याला.

मग नाव दिसलं, फोल्डर दिसलं,
हात लावला की: परवानगी नाही.
"अरे, वीजबिल मी भरतो!" आन्सेल्मो ओरडला.
म्हटलं, याला वीजबिल कळत नाही.
दारं दोन असतात, आजोबा.
बाहेरचं शेअरिंगचं, आतलं फोल्डरचं.
बाहेरच्यावर लिहिलंय, सगळे या.
आतलं म्हणतंय, थांबा.
दोघांत जे कडक, त्याचंच चालतं.
तेव्हा पहिल्यांदा हसला तो. "आई हो म्हणायची," म्हणाला,
"आणि मग बाप घरी यायचा."

वर गेलो. शिवणयंत्रावर कापड पांघरलेलं,
बॉबिनला अजून हिरवा दोरा.
मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं,
एक आकडा होता,
रात्री मेंढ्या मोजत जावं तसा लांबत गेलेला,
आणि शेजारी दोन शब्द: अज्ञात खातं.

"हा कोण?"
खातं पुसलं की असं होतं, मी म्हटलं.
यंत्र माणसाला आकड्यानंच ओळखतं,
नाव आपल्या सोयीसाठी वरून चिकटवलेलं.
खातं गेलं, नाव गळून पडलं,
फायली अजून त्या आकड्याच्या.

तो सर्वात वरच्या पायरीवर बसला.
"जूनमध्ये मीच पुसलं.
रोसाल्बा कास्त्रोला बहिणीकडे निघून गेली, त्या रात्री.
आणि परवा फोन. चार महिन्यांनी.
कशी आहेस विचारायच्या आत म्हणते,
योवान्काच्या झग्याचा नमुना पाठव,
वरच्या कॉम्प्युटरवर आहे."

पत्रा वाजत होता. मी काही बोलले नाही.

"तिचं नाव परत घाल ना.
पासवर्ड माहितेय मला, कुत्र्याचं नाव."
घालता येईल, म्हटलं, पण ती ही नसेल.
नवी रोसाल्बा, नवा आकडा.
या फायली तिलासुद्धा म्हणतील, परवानगी नाही.

"मग?"
मग मालकी तुम्ही घ्यायची. तीन क्लिक.
"आतलं काही बदलेल?"
नाही.
"तारखा?"
तारखाही राहतील.
त्यानं आधी वीजबिलाच्या पाठीवर
तो सगळा आकडा उतरवून घेतला,
प्रत्येक अंकावर बोट ठेवून. एकदा चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.
मी थांबले. तासाचे पैसे घेते मी, तरी तो वेळ नाही लावला.

उघडलं. योवान्का, झगा, कंबर सत्तर.
पडदे, स्वयंपाकघर.
कुणा दोन्या एलियानाचा ब्लाउज, पैसे यायचेत.
आणि खाली, मेच्या शेवटच्या आठवड्यातलं:
आन्सेल्मो, कोट. अस्तर बाकी.

तो त्यावर काही बोलला नाही. फक्त विचारलं,
"खालून मला नुसतं वाचता येईल असं कर.
चुकून काही पुसलं जायला नको."
मालकाला कुलूप लावून फायदा नसतो,
किल्ली त्याच्याच खिशात. पण केलं.

जिना उतरताना पाठीमागून:
"तिला सांगू का? पुसलं होतं ते?"
मी बूट चढवत होते.
म्हटलं, नेटवर्क आता नीट चालतंय, आजोबा.
राउटर बंद करू नका.

एम्पानादा गार झाल्या होत्या.
दोन त्याच्याकडेच ठेवल्या.