मागची बाजू

चौतीस वर्षं मी वजनं तपासली.
खडे बाजार, मच्छी मार्केट, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी,
बुडातून शिसं काढलेला, पोकळ केलेला किलो.
हलक्या वजनावर खरा शिक्का असला
की पाप दुप्पट, असं माझे साहेब म्हणत.
आता कॅम्पात राहतो, चर्चच्या मागल्या गल्लीत.
दाराच्या चौकटीला मेझुझा;
नवा पोस्टमन अजून तिला बेल समजून दाबतो.

काल फादर ग्रासियस आले. तरुण पोर, खानापूरकडचं,
कोकणी, कन्नड, मराठी एकाच वाक्यात.
कुंद्याचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाले,
"अंकल, रोममध्ये जुनी कपाटं उघडलीत.
लढाईच्या काळातले पोप, त्यांना संत म्हणावं की नको,
तुमच्या लोकांचं काय म्हणणं?"

माझे लोक.
माझे लोक नवगावला फुटल्या गलबतातून उतरले, फादर,
तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बैल सोडले.
जर्मनी आम्ही नकाशात बघितली.
आणि बेळगावात आता आम्ही किती? मी,
आणि टिळकवाडीत बहीण. तिला ऐकू येत नाही.

पण थांबा. एक होता.
डॉक्टर लेवेनथाल, दातांचा, ब्रेस्लाऊचा.
एकोणचाळीस साली बाबांनी त्याला पुढची खोली दिली.
मराठीतले तीनच शब्द नीट यायचे:
"आ करा", "थुंका", आणि "पत्र?"
हा शेवटचा पोस्टमनसाठी.
बेचाळीसच्या दिवाळीनंतर तोही विचारायचा सोडला.

तेव्हा इथं फादर नोरोन्हा होते.
त्यांची अक्कलदाढ डॉक्टरनं फुकट काढलेली.
त्यांनी टाइपरायटरवर तीन पत्रं लिहिली:
मोठ्यांना, मोठ्यांच्या मोठ्यांना, मग थेट रोमला.
एक म्हातारी आई, एक बहीण,
नावं, रस्ता, घराचा नंबर.
दोन पत्रांना उत्तर नाही.
तिसऱ्याचं दीड वर्षानं आलं.

पुढं सगळं कळलं
तेव्हा डॉक्टरला कद्दिश म्हणायचं होतं.
दहा पुरुष लागतात. पलटणीतले दोघे धरून आम्ही सात.
फादर नोरोन्हा आले, झगा घरी ठेवून, साध्या सदऱ्यात.
"मी मोजला जात नाही, ठाऊक आहे मला," म्हणाले,
आणि दाराबाहेर आमच्या चपला राखत उभे राहिले.

"म्हणजे अंकल, चांगलेही होते असं —"
"होते की. पण नोरोन्हांचं वजन
मी वरच्यांच्या पारड्यात टाकू देणार नाही.
ते ज्याचं त्याचं."
"आणि माफी?"
"त्या कागदावर सही माझी चालत नाही, फादर.
सही करणारे जागेवर नाहीत.
उद्या या, असंही सांगता येत नाही."

मग ट्रंकेतून ते पत्र काढलं.
लॅटिन. आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं,
आणि नोरोन्हांनी कधी वाचून दाखवलं नाही.
पोरगं बोट ठेवत वाचू लागलं,
"पवित्र पित्यांना आपली व्यथा... कळली आहे...
मायेनं... प्रार्थनेत..."
"पुढं?"
"पुढं शिक्का."
"नावं? आईचं, बहिणीचं?"
"'त्या व्यक्ती' असं लिहिलंय."
"पुन्हा वाचा."
त्यानं पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही नावं आली नाहीत.

सोनारी काटा अजून आहे माझ्याकडं.
सवय. कागद ठेवला. चार ग्रॅम,
शिक्क्यासकट.

"मी याची कॉपी काढू?" त्यानं विचारलं.
कोपऱ्यावर मलगौडाचं झेरॉक्स.
पाटीवर कन्नड ठळक, खाली मराठी
खरवडलेलं, वाचता येईल इतपत.
मलगौडानं कागद ट्यूबलाइटखाली धरला.
"एरडू बाजू?"
"मागं कोरं आहे की ओ," मी म्हटलं.

फादर खिशात सुटे शोधत होते.
मान वर न करता म्हणाले,
"तीपण काढ."